तिसरी हाक

पाठीवरचा पिट्टू पाहिजे ना तुला, अरू? देते. पण आधी ते पन्हं संपव, तोंड बघ कसं लालबुंद झालंय सायकल हाणून. हे घ्या, गेले लाईट! सात वाजले की जातातच, घड्याळ लावून घ्यावं. थांब, कंदील लावते. कुलर बंद पडला की घराची भट्टी होते नुसती.

तुझे काका सायकल घेऊन बर्डीच्या बाजारात गेलेत, तुझ्यासाठी आंबे आणायला. यायला अर्धा-पाऊण तास तरी लागेल. बरंच झालं. त्यांच्यासमोर मला हे बोलता आलं नसतं.

तू त्या तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला मुकुंद म्हणतेस ना? सरळ नावानं? खरं सांगू, साखरपुड्यात ऐकलं तेव्हा माझ्या कपाळावर आठी आली होती. तुझ्या आईजवळ बोललेसुद्धा, 'पोरीला काही रीतभात शिकवली की नाही?' आज म्हणते, बरं करतेस. लग्नानंतर अंदमानला जाणार, पाठीवर थैले टाकून बेटं हिंडणार, तर नावानंच बोलाव त्याला. लाजू नको.

हा घे पिट्टू. ओला लागला ना हाताला? पुसू नको, पुसून काही होत नाही. सत्तेचाळीस डिग्रीत गच्चीवर टाकून पाहिलाय मी तो, आठ-आठ दिवस. असू दे मांडीवर. सांगते.

आम्ही गेलो चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ह्यांच्या डोक्यात एकेक खूळ. ऑफिसात कोणी अंदमानचे फोटो दाखवले, झालं! हॉटेल नको, ओळखीपाळखी नको, पाठीवर बिऱ्हाड घ्यायचं आणि मिळेल त्या नावेनं पुढचं बेट गाठायचं. इतवारीतून जाड कॅनव्हास आणलं, तंबू शिवणाऱ्याकडून हे दोन फौजी पिट्टू शिवून घेतले. पट्ट्यावर स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात नावं लिहिली. गल्लीतले लोक विचारायचे, 'काहून गा, हिप्पी झाले काय दोघं?'

हे तापट होते वं फार. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. मग दोन मिनिटांनी स्वतःच वाढून घ्यायचे आणि म्हणायचे, 'शामे, चुकलं माझं.' शामे म्हणणारा जगात तो एकच माणूस. चष्मा असा जाड, की काढला तर दारातली म्हैस दिसायची नाही. न्हाणीत गायचे, तेही बेसूर. माझा जीव होता त्या माणसावर.

सासूबाई खाप्याच्या, कन्हान नदीच्या काठच्या. त्यांच्या माहेरची एक रीत होती. नदीवरून, जत्रेतून, कोणत्याही परक्या पाण्यावरून निघायचं, तर घरच्या बाईनं एकेकाला नावानं हाक मारायची. त्यानं 'ओ' दिली की मगच पाय उचलायचा. आम्ही निघालो त्या दिवशी मला चुलीपाशी ओढून म्हणाल्या, "शामला, निघताना त्याले नाव घेऊन बोलावजो. बिननावाच्या हाकेले कोणी बी ओ देते."

मी म्हटलं, "आई, तुम्हीच तर सांगितलं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं."

"घरी नाही घ्याचं वं. पाण्यावर घ्या लागते."

मी पदराआड हसले. शाळेत मास्तरीण होते ना मी, शहाणी!

मद्रासपर्यंत गाडी, पुढे जहाज, चार दिवस उलट्या. पण तिथं पोचलो आणि सगळं विसरले. असं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. पंधरा दिवस हिंडलो. शहाळी, मासे, भात. हे मासे खाताना काटा अडकला की माझ्यावरच ओरडायचे. खूप सुखात होतो.

शेवटचं बेट कोणतं ते आत्ता सांगत नाही. माणूस राहत नव्हता तिथं. फार पूर्वी कैदी आणून लाकूडतोड करून घेत होते म्हणे. तापानं मेले ते तिथंच राहिले. थडगं नाही, दगड नाही, कोणाचं नाव म्हणून कुठं लिहिलेलं नाही. एक मोडका धक्का आणि जंगलखात्याची रिकामी झोपडी, एवढंच. परतीची नाव तिसऱ्या दिवशी येणार होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सामान बांधून किनाऱ्यावर बसलो. हे म्हणाले, "शामे, एक डुबकी मारून येतो. पाच मिनिटं." पिट्टू माझ्यापाशी टाकला आणि डाव्या हाताच्या खडकामागं गेले. चष्मा डोळ्यावरच होता. मी हसून म्हटलंही, काढून तरी जा.

नाव आली. पाच मिनिटांची वीस झाली. भरती चढून राहिली होती, नाववाला म्हातारा घाई करायला लागला. मी खडकापर्यंत गेले, तर पलीकडं नुसतं पाणी. परत धक्क्यावर आले, तोंडाशी हात धरले. नाव ओठावर आलं होतं, अरू. देवाशपथ आलं होतं. पण नावेतले सात पुरुष माझ्याकडे बघून राहिले होते, आणि माझी जीभ वळेना. उखाण्यात एकदा घेतलं होतं ते नाव, तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून.

मी ओरडले, "अहो! अहो, चला ना घरी!"

जंगलात सकाळपासून पाखरं कलकल करून राहिली होती. ती सगळी एकदम गप्प झाली.

"ओ… आलो."

आवाज ह्यांचाच. पण उजव्या हाताकडून आला, झाडीतून. मग हे बाहेर आले. केसातून पाणी गळत होतं, चेहरा शांत. मी रडतरडत भांडायला लागले, कुठं मेला होतात म्हणून. एरवी चार शब्द मलाच ऐकवले असते. त्या दिवशी नुसते उभे राहिले.

"चष्मा कुठाय?"

"लाटेत गेला."

नाववाल्या म्हाताऱ्यानं सगळ्यांना हात देऊन चढवलं. ह्यांना नाही दिला. ते चढले तेव्हा तो नावेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

घरी आलो. सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या. लेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि हात तिथंच थांबला. त्याला नावानं हाक मारली. दोन हातांच्या अंतरावर उभा होता तो, पण ओ दिली नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला आणि मला विचारलं, "नाव घेतलं व्हतं ना वं?"

मी म्हटलं, "हो."

खोटं बोलले मी. म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर, धडधडीत.

मग एकेक दिसायला लागलं. नवीन चष्मा करू म्हटलं तर गरज नाही म्हणाले, आणि कंदिलाच्या उजेडात पेपर वाचला. भाजीत मीठ नको झालं. कितीही खारट, अळणी वाढा, ताट कधी सरकवलं नाही. गाणं बंद. शामे म्हणणं बंद. नावानं कोणी बोलावलं तर मान वर करायचे नाहीत, ऑफिसात लोकांना वाटलं कान गेले. पण 'अहो' म्हटलं की लगेच 'ओ, आलो.' कोणीही म्हणो. शेजारची प्रेमिला तिच्या नवऱ्याला ओरडली, 'अहो, दूध उतू चाललं,' की आमच्या घरातून हे उठायचे. सगळी गल्ली हसायची. मीही हसायची, काय करू?

एप्रिलात सासूबाईंना लकवा झाला. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून खरं सांगितलं. त्यांच्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. बोलणं अडखळत होतं, पण समजलं मला. "माह्या लेक तिथंच उभा असंन वं… वाट पाहून राह्यला असंन. घरच्या बाईनं त्याच्या वस्तूवर हात ठेवून तीन डाव नाव घ्या लागते. मग येते तो. अन् जो घरात हाये, तो जाते. मी घेतलं असतं… हात उठत नाही माह्या."

तेरावं झालं. मे महिना, दुपारचे दोन. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. ते समोरच्या खोलीत झोपले होते. मी मागच्या खोलीत दार लोटून हा पिट्टू मांडीवर घेतला, तू घेतलास ना आत्ता, तसाच. आणि नाव घेतलं.

काही नाही. मग खूप लांबून, नदीच्या पलीकडच्या काठावरून यावी तशी, ओ आली. खोलीत एकदम खाऱ्या पाण्याचा वास सुटला.

दुसऱ्यांदा घेतलं.

"ओ… शामे! अगं किती वेळ… थांब, आलो, तिथंच थांब!"

तापलेला, चिडका, धापा टाकणारा आवाज. माझा माणूस! अरू, माझं काळीज फुटायचं राहिलं होतं. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि मागं दार वाजलं.

ते दारात उभे होते. अंगावर घाम नव्हता, पाणी होतं. हात जोडले होते त्यांनी.

"तुम्ही बोलावलं म्हणून आलो…" मला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते ते. "फार वर्षं होतो तिथं. कोणीच कधी बोलावलं नाही… परत नका धाडू."

मी तोंड मिटलं.

का, ते विचारू नको. भीती वाटली. दयाही आली. पुढे सवय झाली, आणि तेही खरं सांगते, कारण आता लपवून काय करायचं? चांगले आहेत ते. माझ्या टायफॉइडात महिनाभर उशाशी बसले. अकरा वर्षांत एक उणा शब्द नाही. आणि माझा नवरा अर्ध्या वाटेवर, पाण्यात, 'थांब' म्हणून उभा. पाप केलंय मी.

म्हणून हा पिट्टू तुला फुकट देत नाही, बाई. एक काम कर माझं. बेटाचं नाव चिठ्ठीवर लिहून देते. तिथं जा, धक्क्यावर उभी राहा, ह्याच्यावर हात ठेव आणि तिसरी हाक तू मार. तूही घरचीच बाई आहेस. इथं, त्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्याच्यानं होत नाही. तिकडं झालं तर मला बघावं तरी लागणार नाही.

काय बघून राहिलीस? हो, पट्ट्यावर आहे नाव, रंग उडालाय थोडा. कंदिलाजवळ धर, दिसेल. मी काही ते तोंडानं…

"श्री… धर. श्रीधर."

अवं! मोठ्यानं काहून वाचलंस? हात… हात पिट्टूवरच होता ना तुझा? तिसरी हाक झाली की ही!

गप. बोलू नको.

वास आला? खारा…

ऐक. सायकलची घंटी. कोपऱ्यावर आले की ते दोनदा वाजवतात, मला कळावं म्हणून. एकदा वाजली… दुसरी कुठाय? आणि हे काय पडलं?

सरक, खिडकीतून बघू दे. अगं बाई… सायकल आडवी पडलीय फाटकापाशी. चाक फिरून राहिलंय अजून. आंबे सगळे रस्त्यावर. माणूस कुठाय? आत्ता तर होते! साधं निरोपाचं बोलणंही नाही झालं वं… आंबे आणायला गेले होते ते…

अहो! अहो, कुठं आहात? या ना घरी!

…

अरू. काय केलं मी? पुन्हा तेच केलं. पुन्हा नाव नाही घेतलं.

ओ आली, ऐकलीस? फाटकाशी एक. मागच्या अंगणात एक. गच्चीवर… न्हाणीत… किती आहेत वं? आणि सगळे मला 'शामे'च म्हणून राहिले. 'शामे, दार उघड.' सगळ्यांचा आवाज ह्यांचाच.

रडू नको. कंदील वर धर, खिडकीशी जा. मला एवढंच बघून सांग, चष्मा कोणाच्या डोळ्यावर आहे? त्यालाच दार उघडते मी.

काय म्हणतेस?

…सगळ्यांच्या?