आधी ती, मग आपण

वाइन करणाऱ्याचं नाक तिखट असावं लागतं, असं लोक म्हणतात. आमच्या बाबांचा सगळा भरवसा मात्र कानावर. लाकडी पिंपावर बोटाच्या पेरानं टक-टक वाजवायचे आणि आत रस कुठवर आहे ते सांगायचे. "उथळ पाण्याला खळखळाट फार. पिंपाचंही तसंच," म्हणायचे आणि हळूच माझ्याकडे बघायचे. मी होतेच तशी बडबडी.

त्यांचा दुसरा दंडक मेणबत्तीचा. रस आंबायला लागला की त्यातून एक जड हवा निघते आणि तळघराच्या फरशीवर साचून राहते. तिला रंग नाही, माणसाला मात्र ती उभ्या उभ्या आडवं करते. म्हणून लांब काठीच्या टोकाला पेटती मेणबत्ती लावायची, घोट्याच्या उंचीवर पुढे धरायची आणि मगच उतरायचं. ज्योत विझली की मागे फिरायचं. "आधी ती, मग आपण," एवढंच ते सांगायचे.

बाबा गेले, त्यानंतरचा तो पहिला हंगाम. भर दुपार होती. धाकटा भाऊ अंगणात द्राक्षं निवडत बसला होता आणि मी रोजच्यासारखी पिंपं बघायला निघाले. तळघराचं दार उघडलं आणि ओल्या लाकडाचा, द्राक्षांच्या सालींचा तो वास अंगावर आला. बाबांच्या सदऱ्याला कायम हाच वास असायचा. मला एकदम भडभडून आलं. डोळे पुसत काठी उचलली आणि पायऱ्या उतरले.

खाली रस खदखदत होता, कुणी झोपेत पुटपुटावं तसा. पायांपुढे पिवळा उजेड सरकत होता. एकेक पिंप वाजवत मी पुढे गेले. तेवढ्यात शेवटच्या पिंपाकडून उत्तर आलं.

टक-टक.

"बाबा...?"

टक-टक. तीच लय, तोच हात. खरं सांगते, भीती वाटलीच नाही. वाटलं, धावत जावं आणि यंदाचा रस कसा उतरलाय ते त्यांना सांगावं. डोकं हलकं झालं होतं, पाय जड. उजेड पुढे, मी मागे.

"ताई!" भाऊ पायऱ्यांवरून ओरडला. "ताई... अंधारात काय करतेयस?"

"अंधार कुठाय? ही काय, मेणबत्ती..."

पुढचं आठवतं ते अंगणातलं ऊन, तोंडावर मारलेलं पाणी आणि भावाचा पांढराफटक चेहरा. श्वास रोखून तो आत शिरला होता. माझी मूठ काही सुटेना, म्हणून त्यानं मला काठीसकट ओढत वर आणलं होतं.

काठीच्या टोकाला मेणबत्ती होती. तिची वात कोरी होती. डोळे पुसण्याच्या नादात मी ती पेटवलीच नव्हती.

आता मी ती दारातच पेटवते आणि भाऊ माझ्या मागे उभा राहतो. रस जोरात आंबायला लागला की अर्ध्या वाटेतच ज्योत विझते. "चल ताई, वर," तो म्हणतो. त्याला पुढे नुसता काळोख दिसतो. मला मात्र शेवटच्या पिंपापाशी, घोट्याच्या उंचीवर, दुसरी एक जळताना दिसते.

बाबांनी शिकवलंय तशी मी मागे फिरते. पण दर हंगामात फिरायला थोडा जास्तच वेळ लागतो.