दहा वर्षांखालील मुली : एक

इंदिरानगरच्या त्या ऑफिसात अमेरिकेतल्या लोकांचे पूर्वज शोधून दिले जात. पुण्याहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून आलेल्या मुग्धाला सुरुवातीला याचं हसूच यायचं. पण काम तिला मानवलं. जुन्या करयाद्या, जमिनीचे दस्त, मृत्युपत्रं स्क्रीनवर मोठी करून पाहायची आणि पुरावा असेल तेवढंच लिहायचं. प्रयोगवहीसारखं.

मार्चमध्ये तिच्याकडे ओरेगनच्या हेलनबाईंचं काम आलं. वय एकोणनव्वद. त्यांचा मूळपुरुष एझरा विटलॉक १७४८ साली मेरीलँडात जन्मला. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. पुढे तो दक्षिणेला, उत्तर कॅरोलिनात उतरला. पन्नाशी उलटल्यावर बायकापोरं आणि गुरं घेऊन डोंगरखिंडीतून केंटकीच्या रानात गेला. मुग्धाने त्याची वाट मुक्कामागणिक जुळवली. अडलं ते एका रेघेपाशी.

त्या काळच्या अमेरिकन शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. १८०० सालच्या पानावर एझराच्या ओळीत, ‘दहा वर्षांखालील मुली’ या रकान्यात एक उभी रेघ होती. एक मुलगी. १८१० साली, केंटकीत, ती मोठ्या मुलींच्या रकान्यात दिसायला हवी होती. तिथे शून्य. खालच्या रकान्यातही शून्य. मुग्धाने दोन्ही आकडे वहीत टिपले.

नात असेल, पाहुणी असेल, लग्न होऊन गेली असेल, मेली असेल. कशालाच पुरावा नव्हता. आणि १८०० चं ते पान पाहून हेलनबाईंनी नेमकं तेच विचारलं होतं : ‘त्या धाकटीचं काय झालं? माझ्या नव्वदीला सगळं कुटुंब जमणार आहे. तिला नावाने हाक मारायची माझी इच्छा आहे.’

“त्या रेघेकडं काय बघालीस गं आठ दिवस?” शिवलीला अक्कांनी विचारलं. त्या टीमच्या प्रमुख, बेळगावच्या.

“अक्का, मुलीचा पत्ता लागत नाहीये.”

“मग लिही की, माहीत नाही म्हणून. पण तुम्हां पुण्याच्या लोकांना ‘माहीत नाही’ म्हणायला जड जातंय बघ!”

शेजारचे हसले. मुग्धाही हसली. पण ते लागलं.

ऑफिसात एक वाक्य ठरलेलं होतं : ‘कुटुंबात चालत आलेल्या समजुतीनुसार’. गिऱ्हाइकाच्या घरातल्या कुणी ऐकीव गोष्ट सांगितली असेल तरच ते वापरायचं, आणि त्याखाली पुरावा कुणी मागत नसे. त्या संध्याकाळी मुग्धाने ते वाक्य लिहिलं आणि पुढे जोडलं : ‘लीडिया, वय सात, क्लिंच नदी उतरताना बुडाली.’ नाव तिनेच सुचेल ते घातलं. अहवाल गेला.

मे महिन्यात हेलनबाईंची मेल आली. कुटुंबातली त्र्याण्णव माणसं नदीवर जमली होती. काठावर एक दगड बसवला. सगळ्यांनी मिळून पाण्याकडे तोंड करून लीडियाला हाक मारली. आणि केवढा योगायोग! एका चुलतभावाच्या माळ्यावर घराण्याचं जुनं बायबल सापडलं, त्यात तिचं नाव आहे. सोबत पानाचा फोटो.

मुग्धाला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. तिने फोटो मोठा केला. तपकिरी शाई, कागदाच्या तंतूंत मुरलेली. एझराच्या मुलांची नावं, जन्म, मृत्यू. शेवटची ओळ त्याच हातची होती :

‘लीडिया. पाण्यापाशी राहिली. हाक मारली की येईल.’

तिने मार्चमध्ये छापून घेतलेलं १८१० चं पान काढलं. दहा वर्षांखालील मुली : एक.

वहीत तिच्याच अक्षरात शून्य होतं.

मग तिने १८२० चं पान उघडलं. एझरा तोवर वारला होता. थोरल्याचं घर. दहा वर्षांखालील मुली : एक. ही रेघ बाकीच्या आकड्यांपेक्षा फिकट होती, ओल्या बोटाने पुसल्यासारखी.

तिने मेल लिहायला घेतली. ‘हेलनबाई, हे नाव मी बनवलं. नदीही मीच घातली.’ दोनच वाक्यं. पण त्या त्र्याण्णव जणांचे चेहरे डोळ्यांसमोर आले, अक्कांचाही आला. तिने मेल पाठवली नाही. तशीच ठेवली. आज पाठवू, उद्या पाठवू म्हणता तीन आठवडे गेले.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ती येलहंकातल्या आपल्या खोलीला बाहेरून कडी घालून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. खाली आली तेव्हा दाराशी एक पोक्त गृहस्थ उभे होते. गळ्यात ओळखपत्र, हातात वही.

दार उघडं होतं.

“नमस्कार अम्मा. मी कृष्णमूर्ती, शाळेत मास्तर. जनगणनेला आलोय,” ते कन्नड वळणाच्या हिंदीत म्हणाले. “नेटवर्क नाही, म्हणून आधी वहीत घेतो. स्वल्प वेळ लागेल. घरात किती माणसं?”

“एक. मी एकटीच.”

मास्तरांनी पेन थांबवलं. “आणि मुलगी?”

“कोण मुलगी?”

“अम्मा, आत्ता तिनेच दार उघडलं की! केस पुसा तिचे, पाणी गळतंय. सर्दी होईल.” ते आवाज उतरवून म्हणाले, “दुसऱ्याचं मूल असलं तरी सांगा. इथे राहतं ना? मग मोजायला हवं. मूल लपवू नये.”

मुग्धाने उंबऱ्याकडे पाहिलं.

फरशीवर ओली पावलं होती. लहान. बाहेरून आत गेलेली.

आत न्हाणीघराचा नळ वाहत होता. तो बंद झाला.

सांगायचं असेल तर आत्ताच, तिला वाटलं. असं कुणी नाही. मी बनवली. एवढंच म्हणायचं होतं.

“वय किती?” मास्तरांनी विचारलं.

“सात,” ती म्हणाली.

“सरी, ठीक आहे.” मास्तरांनी पान उलटलं आणि रकान्यात एक उभी रेघ ओढली.