वैशाखातला कापूस

"पऱ्हाट्या चुलीत जळून गेल्या, अन् या गाडीत अजून कापूस पिकूनच राह्यला," रुखमाबाई माझ्या कानाशी पुटपुटली. कानाशीच, कारण आम्ही दोघी एकाच मोटारसायकलीच्या पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसलो होतो आणि तिचं कपाळ माझ्या कपाळाला लागत होतं.

मी म्हटलं, "पिकू दे. आपल्याला वेचायलाच ठेवलंय."

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेच्या कडेला माझं गाड्या धुण्याचं शेड आहे. नवरा ट्रक घेऊन हैद्राबादकडे जातो आणि आठवण झाली की परत येतो. गाड्यांचं काम मला कुणी शिकवलं नाही. उघडून बघितलं, बिघडवलं, पुन्हा जोडलं. हाताशी येणारी बहुतेक साधीसुधी इंजिनं, वाऱ्यावर थंड होणारी. ही गाडी वेगळी होती. हिचं इंजिन पाण्यानं थंड होतं. पुढच्या चाकामागे पाटीएवढी जाळी असते, तिला रेडिएटर म्हणतात. आतून पाणी फिरतं, बाहेरून वारा जातो. जाळी चिखलानं, किड्यांनी बुजली की वारा अडतो आणि इंजिन उकळतं. यात गूढ काही नाही.

साफ करायचीही रीत आहे. गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. मोठ्या नळीचा जोर मारायचा नाही, जाळीच्या पात्या पत्र्यापेक्षा पातळ असतात, लगेच वाकतात. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, आणि धार मागून पुढे, म्हणजे अडकलेलं आल्या वाटेनं बाहेर पडतं. वाकलेल्या पात्या मी केसांतल्या आकड्यानं सरळ करते. आकडा हे बाईमाणसाच्या डोक्यातलं सगळ्यात कामाचं अवजार आहे.

गाडी श्रेयसची. श्रीकृष्णभाऊंचा एकुलता एक, पंचवीस-सव्वीसचा. श्रीकृष्णभाऊंचं गावात औषध-बियाण्यांचं दुकान आणि नाल्यापलीकडे शेत. त्याच शेतात रुखमाबाईचा नवरा, गोविंदा, मागच्या दसऱ्याच्या सुमारास फवारणीला गेला होता.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पंपाची नळी वर धरून फवारायचं, आणि फवारलेलं सगळं आपल्याच तोंडावर. श्रीकृष्णभाऊंच्या दुकानातून दोन-तीन औषधं एकत्र कालवून मिळायची. जिल्ह्यातली कितीतरी माणसं त्या दिवसांत दवाखान्यात पडली. गोविंदा दवाखान्यात पोचलाच नाही. संध्याकाळी तो नाल्याच्या अलीकडे, पळसाच्या झाडाखाली सापडला. गाव म्हणालं, पिऊन पडला होता. ऊन पडलंय म्हणावं, इतक्या सहज म्हणालं.

रुखमाबाई तेव्हापासून शेताच्या मजुरीला जात नाही. माझ्याकडे येते. सोमवारी फवारणीत गेलेल्यांच्या चौकशीचे साहेब गावात येणार होते, एकेकाला विचारून लिहून घेणार होते. तिला एकच पाहिजे होतं. 'दारू पिऊन' हे शब्द गोविंदाच्या नावामागं लागायला नकोत. एकदा लिहिलं की झालं. तिची पोरगी, गंगी, नववीत होती. वर्गातली पोरं तिला बेवड्याची म्हणायला लागली होती.

श्रेयसची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी रुखमाबाईला म्हटलं, तू राहू दे, मी करते. ती ब्रश घेऊन बसली. "गाडीनं काय केलं, ताई?"

जाळी आम्ही चकाचक केली. आतलं कूलंटचं पाणी नवं भरलं. श्रेयस घेऊन गेला आणि उन्हं कलायच्या आत गाडी ढकलत परत आला. घामानं थबथबलेला.

"लाल लाइट लागते, ताई. वाफ निघते."

मी वाकून पाहिलं. जाळी बुजलेली होती. कापसानं. वाळलेल्या कचऱ्यानं नाही, आत्ता बोंडातून निघावा तशा पांढऱ्या, ओल्या कापसानं. आणि त्याला औषधाचा वास होता. नाकात गेला की घशात गोडसर उतरतो, तोच.

इथं लोकांची एक खोड आहे. फवारणीच्या पंपानं मोटारसायकल धुतात. धार छान लागते ना. तीच टाकी, तीच नळी. मी त्याच्यावर खेकसले, "पंपानं धुतली का रे? हज्जारदा सांगितलं तुम्हा लोकांना."

"नाही वो. पंप तं नाहीच. बाबानं दसऱ्यालेच फोडून टाकला."

"चांगला पंप? काहून फोडला?"

तो आपल्या चपलेकडे बघत राहिला. रुखमाबाईचा ब्रश थांबला होता. थोड्या वेळानं पुन्हा चालू झाला.

मी गाडी स्टँडवरून उतरवली तर मागून बसलेली वाटली. स्प्रिंग दबलेली, ओझं लादल्यासारखी. "पोती नेतो काय हिच्यावर?"

"नाही. मी एकटाच असतो."

"तापते कुठं?"

"नाल्यापाशी," तो म्हणाला. मग, बराच हळू, "पळसापाशी."

मी भुताखेतांना मानत नाही. मानलं असतं तरी गाडी धुवायच्या शेडमध्ये त्यांचं काय काम? जाळी पुन्हा साफ केली आणि ठरवलं की चालवून मीच बघणार. साडी खोचली, डोक्याला दुपट्टा गुंडाळला. भर दुपारी निघाले. रुखमाबाई म्हणाली, "सांभाळून जा, ताई."

डांबरी सडकेवर गाडी लोण्यासारखी पळाली. आजूबाजूला सगळी उघडी शेतं, काळी, भेगाळलेली. कापसाचं एक झाड नाही, की वाऱ्यावर एक तंतू नाही. हे मी मुद्दाम बघून ठेवलं. मग शेताकडच्या पांदणीत वळले.

पळस दिसायला लागला आणि गाडी जड झाली.

मी आजवर पुष्कळ माणसं मागे बसवून नेलीत. जाऊबाईला, शेजारच्या बाळंतिणीला, एकदा तर बोकडालासुद्धा. मागे कुणी बसलं की गाडी कशी वागते ते कमरेला कळतं. आणि बसलेल्याला स्वतःचा तोल नसला, तो एका बाजूला लवंडत असला, तर गाडी त्या बाजूला ओढते. ही डावीकडे ओढत होती.

लाल लाइट लागला. झाडाखाली इंजिन बंद केलं.

उन्हाचा ताप वेगळा, इंजिनाचा वेगळा. इंजिनाचा पायांना लागतो. मला पाठीला लागत होता. दोन खांद्यांच्या मधोमध, तापानं फणफणलेलं कपाळ टेकावं तेवढ्याच जागी.

मी मागे वळून पाहिलं. घाबरून न बघता पळाले असते तर आयुष्यभर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं. सीट रिकामी होती. खाली वाकून जाळी पाहिली. पांढरी झाली होती.

मला राग आला. भीतीच्या आधी रागच आला. एका माणसाला मेल्यावरसुद्धा पुढे जाऊ देत नव्हते हे लोक.

"गोविंदाभाऊ," मी मोठ्यानं म्हणाले, "बसले असाल तर नीट धरून बसा. रुखमाबाईकडं जाऊ."

किक मारली नाही, बटणावर गाडी चालू झाली. परतीच्या वाटेवर लाल लाइट लागला नाही. जाळी गच्च बुजलेली होती आणि इंजिन मात्र थंड होतं. हे कसं, ते मला आजही सांगता येत नाही. गाडी तेवढीच जड होती, पण डावीकडे ओढत नव्हती.

शेडपाशी उतरले. रुखमाबाईला मी काही सांगितलं नाही. तिनं गाडीकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं. मग हँडल धरून गाडी पत्र्याच्या सावलीत नेली.

"उन्हात नको," ती म्हणाली.

रविवारी सकाळी श्रीकृष्णभाऊ आले, श्रेयसला घेऊन. कपडे कडक इस्त्रीचे. सोमवारची तयारी चालू असावी. बाकड्यावर रुखमाबाई बसली होती, ती उठली नाही.

"झाली का गाडी, विमलताई? आज नेऊन विकूनच टाकतो. पनवती आहे."

"झाली नाही. आणि मी साफ करणारही नाही."

"काहून?"

"आतून भरते, भाऊ. बाहेरून किती धुवू?"

ते हसले. मग रुखमाबाईकडे वळले, आवाज मऊ केला. "रुखमा, उद्या साहेब येतीन. जास्त लांबण नको लावू. पेलेला होता, पडला, एवढंच सांग. सारं गाव तेच सांगून राह्यलं. कायले एकटी वाकडी चालतं?"

"प्याचे ते," रुखमाबाई म्हणाली. "पोळ्याले प्याचे, होळीले प्याचे. मी कुठी नाही म्हणतो? पण त्या दिवशी नव्हते प्याले. माया हातचा भात खाऊन गेलते."

"आता त्याचा काय उपयोग?"

"एक गोष्ट सांगा, भाऊ. तुमचं वावर नाल्याच्या तिकडं. पळस इकडं. नाल्यात तवा मांडीभर पाणी होतं. त्याईचा पायजमा मी माया हातानं काढला. कोरडा होता. पाण्यातून आले नाहीत ते. पुलावरून चालत यायचं तं लय मोठा वळसा. ज्याले उभंही राहता येत नसन तो माणूस चालत आला काय?"

हा प्रश्न गावातल्या प्रत्येकाला पडलेला होता. प्रत्येक जण त्याला वळसा घालूनच जात होता, पुलावरून जावं तसा.

श्रीकृष्णभाऊ म्हणाले, "श्रेयस, घे गाडी. चाल."

श्रेयस हलला नाही.

रुखमाबाईनं माझ्या केसांतला आकडा काढून घेतला, विचारलंसुद्धा नाही. गाडीपुढे बसली. जाळीच्या एका फटीत आकडा घातला आणि कापसाचं टोक ओढलं. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. शेताला दहीभात दाखवायचा आणि बोंडातला कापूस हळूहळू ओढून त्याची लांब सर करायची, न तोडता. सर तुटली नाही तर शेत भरभरून देतं. मागच्या वर्षी त्या शेतात सीतादही झालीच नव्हती.

ती ओढत राहिली. सर निघत राहिली.

पांढरी, ओली. कुठेच तुटेना.

औषधाचा वास शेडभर पसरला. श्रीकृष्णभाऊंनी रुमाल नाकाला लावला. ते दुकानदार, त्यांना तो वास ओळखायला वेळ लागला नाही.

रुखमाबाईनं सरीचं टोक श्रेयसच्या तळहातावर ठेवलं.

त्यानं मूठ मिटली.

"बाबा, गाडी तापली होती," तो म्हणाला. "लाल लाइट लागला होता. मी फोन केला तं तुमीच म्हणले, उतरव त्याले. झाडाखाली बसव अन् घरी ये. दवाखान्यात नेलं तं दुकानाचं नाव निघन."

"श्रेयस."

"जित्ता होता तो, बाबा. माया पाठीवर डोकस्कं टेकून होता. भाऊ, थांबू नको, म्हणे."

हायवेवरून एक ट्रक गेला.

गाडीला कुणाचाही हात लागलेला नव्हता. मागची स्प्रिंग बारीक करकरली आणि सीट हळूच वर आली, मागे बसलेला उतरला की येते तशी.

रुखमाबाई बाकड्यावर येऊन बसली, आणि जरा बाजूला सरकली.