फाट्यावरचे जावास्क्रिप्टचे सर

वारंगा फाट्यावर बसची वाट बघताना माझ्या फोनची बॅटरी संपली आणि मी समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरले. दुकानदाराने फोन चार्जिंगला लावला. तो सुरू होताच माझा जावास्क्रिप्टचा व्हिडिओ उघडला.

"हे कशाला पाहून राहिल्या?" तो म्हणाला. "याच्यात न्हाई शिकवत नीट. मी सांगतो चांगलं."

रत्नपाल त्याचं नाव. डोळे असे, की मी लगेच विश्वास ठेवला... नांदेडच्या एका कंपनीत वेब पेज बनवण्याच्या नोकरीसाठी माझी जावास्क्रिप्टची परीक्षा होती. नापास झाले तर बाबा स्थळं बघायला मोकळे.

त्याने सांगितलेल्या पहिल्या व्हिडिओतले सर अर्धा वेळ 'चॅनेल सबस्क्राइब करा' म्हणत होते. दुसरे सर चक्क तेलुगूत शिकवत होते. मग त्याने एक जुनं पुस्तक पाठवलं, त्यातला निम्मा कोड आता कुठल्याच ब्राउझरमध्ये चालत नव्हता. दरवेळी मी तणतणत दुकानात जायची. तो कान पकडायचा, चहा मागवायचा आणि अडलेलं स्वतःच समजावून द्यायचा. कीबोर्डवर त्याचं बोट माझ्या बोटाजवळ यायचं आणि — घाबरून मागे जायचं. मला ते फार आवडायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्या कॉम्प्युटरवर एक साइट उघडी दिसली. सोपे धडे, सराव, चुका तपासायची सोय, सगळं फुकट. आणि याचा तिथला अभ्यास केव्हाच पूर्ण झालेला.

"ही काहून न्हाई सांगितली?"

तो हातातला स्क्रूड्रायव्हर न्याहाळू लागला. "सांगितली असती तर... तुमी घरीच शिकल्या असत्या. इकडं कशाला आल्या असत्या?"

"आन् मी नापास झाले तर?"

त्याचा चेहरा पडला. "लई चुकलं माझं. आज रातभर शिकवतो. म्हंजे... फोनवर."

मला हसू आवरेना. मी माझा फोन त्याच्यापुढे धरला. तीच साइट, शेवटच्या धड्यापर्यंत संपवलेली.

"मला पहिल्याच आठवड्यात सापडली व्हती."

"मंग येत काहून व्हत्या?"

"चहा प्यायला," मी म्हणाले. पण त्याचं तोंड बघून खरं सांगून टाकलं, "तुमच्यासाठी."

मी पास झाले. आता शिकायचं निमित्त उरलं नाही, म्हणून माझा फोन सारखा बिघडतो. परवा बाबा वैतागले. "त्या दुकानदाराला घरीच बोलाव एक बार. बराबर करून जाईल."

मी लगेच रत्नपालला फोन लावला. त्याच बिघडलेल्या फोनवरून.