शंभर मिली

हस्तविद्या केंद्राच्या प्रयोगशाळेत यंत्रहात मोटारसायकलचं तेल बदलत होता आणि शेजारच्या खोलीत तीन माणसं ते पडद्यावर पाहत होती. यंत्रहात चालू असताना त्याच्या खोलीत कुणी थांबायचं नाही, असा केंद्राचा नियम होता.

हाताने खालचा बोल्ट सोडला, काळं तेल ट्रेमध्ये निथळू दिलं, गाळणी बदलली, बोल्ट आवळला. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून नरसाळं लावलं आणि एक लिटरच्या कॅनमधलं नऊशे मिली तेल ओतून तो थांबला. मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं, तेल खाली उतरायला पाच मिनिटं दिली, तेलकांडी पुसून आत टेकवली आणि बाहेर काढून पाहिली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधोमध होतं. शेवटी त्याने झाकणाला सील ठोकलं.

"सव्विसावी वेळ," डॉ. वैदेही खांबेटे म्हणाल्या. यंत्रहाताला शिकवणारी 'करबुद्धी' त्यांनी घडवली होती. "सव्वीस वेळा अचूक. आणि बाहेर डेपोत मात्र तीन महिन्यांत सतरा गाड्यांमध्ये तेल जास्त निघालं. दोन चालक मुली घाटात घसरल्या. एकीचा पाय गेला."

या गाड्या 'रक्तवाहिनी' सेवेच्या होत्या. घाटातल्या धुक्यावाऱ्यात उडती यंत्रं टिकेनात, तेव्हा आरोग्य खात्याने हात टेकले आणि रक्ताच्या पिशव्या पोचवायला पुन्हा मोटारसायकल आणली. इंजिन इथेनॉलवर चालणारं, हलकं, आणि तेलाच्या बाबतीत भलतंच नाजूक. नऊशे मिली म्हणजे नऊशे. हजार घातलं की फिरता दांडा तेलात बुडायचा, ते घुसळून फेस व्हायचा, आतला दाब वाढायचा आणि साखळीजवळचं सील फुटून तेल थेट मागच्या टायरवर यायचं. कमी पडलं तर इंजिन जाम होऊन मागचं चाक जागच्या जागी आवळलं जायचं. एवढं नाजूक इंजिन घाटात पाठवणाऱ्यांना शहाणं म्हणायचं असेल तर म्हणावं.

"आता डेपोतली नोंद बघा," खांबेटे म्हणाल्या.

पडद्यावर दुसरा यंत्रहात दिसला. समोर एक चालक मुलगी हाताची घडी घालून उभी होती. हाताने नऊशे मिली ओतलं, क्षणभर थांबला, मग उरलेलं सगळं ओतलं. कॅन उलटा धरला, दोनदा झटकला आणि रिकामं तोंड मुलीकडे वळवून दाखवलं. तेलकांडीला त्याने हातही लावला नाही.

खात्याचे सुरक्षा अधिकारी दिगंबर ओक पुढे झुकले. "बिघाड आहे हा."

"बिघाड न्हाई साहेब," कोपऱ्यातून आवाज आला. "त्यो माझा हात हाय."

बोलणारे नेमगोंडा मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केलेला माणूस. केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातले सत्तर मेकॅनिक पारखून त्यांतून नेमगोंडांचे हात निवडले होते. अकराशे तास त्यांच्या हातांची नोंद झाली, गळ्यात 'हस्तगुरू' असं ओळखपत्र आलं आणि गल्लीत सत्कारही झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

"जरा सविस्तर सांगा, नेमाण्णा," खांबेटे म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचं, बाई? कॅन लिटरचा, इंजिनला लागतंय नऊशे. खुणेवर थांबलो तर कॅनात शंभर उरतंय. गिऱ्हाईक समोर हुबं असतंय. तोंडानं बोलत न्हाई, पर त्याच्या डोळ्यात दिसतंय, ह्यानं माझं शंभर मिली हाणलं. मापात पाप केलं. मग काय करायचं? त्याच्या देखत सगळं वतायचं, कॅन झटकून दावायचा. आमच्यात सगळेच करतात. जुन्या गाड्यांना चालून जायचं."

"आणि गिऱ्हाईक समोर नसेल तर?"

"चहाला गेलं असंल तर खुणेवर थांबायचं, काडी बघायची. उरलेलं कॅनातच ठेवून त्याच्या हातात द्यायचं. काम असंच करायचं असतंय. पर बघणारा असला की हात आपसूक बिघडतोय."

खांबेटेंनी पडद्यावरची नोंद थांबवली. मग ओकांकडे वळून म्हणाल्या, "करबुद्धीला आम्ही नियम शिकवलेच नाहीत. हात दाखवले. हातांसमोर जे होतं तेही तिने पाहिलं. चेहरा रोखून बघतोय, तर कॅन रिकामा करायचा. चेहरा नाही, तर खुणेवर थांबायचं. ती कारण विचारत नाही. आमच्या चाचण्यांत खोलीत माणूस नसतो, म्हणून सव्वीस वेळा अचूक."

"मग बदला की शिकवण," ओक म्हणाले.

"तिथेच अडतं. नेमाण्णांचे हात तिच्या लेखी गुरूचे. तिच्या डोळ्यांसमोर ते नवं काही करतील तर ती एका बघण्यात उचलते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या डेपोंतले हात तेच करतात. जुनी सवय मोडायला मात्र आठ महिने लागतील. लहान मूल शिवी एका ऐकण्यात शिकतं, पण पाढ्यात बसलेली चूक वर्षभर जात नाही, तसं आहे हे."

"मग तंवर नऊशेचे कॅन घ्या," नेमगोंडा म्हणाले.

"लिटरच्या कॅनचा दरकरार तीन वर्षांचा आहे," ओक म्हणाले. त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की हसायचीही सोय राहिली नाही.

"तर मग पडदा लावा," खांबेटे म्हणाल्या. "तेल भरताना चालकांना बाहेर उभं करा. एवढंच पुरे आहे."

ओकांनी मान हलवली. "अपघातांनंतर संघटनेने काय मागितलंय माहीत आहे? तेल आमच्या डोळ्यांदेखत भरा. मी तसा आदेश काढलाय. चालकाने बघायचं आणि सही करायची. आता पडदा लावला तर लोक म्हणतील, आत काहीतरी काळंबेरं आहे."

"साहेब, तुमी बघा म्हणताय म्हणूनच त्यो जास्त वततोय!" नेमगोंडा उभे राहिले. "माझी पोरगी ती गाडी चालवते. कोल्हापूर डेपोत. आंबेखोल घाट उतरते रोज. पाया पडतो तुमच्या, पडदा लावा."

"भावना समजतात," ओक म्हणाले. ज्याला काहीच करायचं नसतं त्याला भावना फार लवकर समजतात.

पुढच्या सोमवारी नेमगोंडा कोल्हापूर डेपोत गेले. हस्तगुरूला कुठल्याही डेपोत मुभा होती. सकाळी साडेदहाला त्यांच्या मुलीची, राजुलची, गाडी यंत्रहातासमोर आली. राजुल आदेशाप्रमाणे समोर उभी राहिली. यंत्रहाताने तेल ओतलं, कॅन झटकला, रिकामं तोंड तिला दाखवलं आणि सील ठोकलं.

"आण्णा, मी सही करून येतो," राजुल म्हणाली. कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात. "पलीकडच्या गावात बाळंतीण अडलीया. दोन पिशव्या न्यायच्या हायत. अर्ध्या तासात घाटाखाली पाहिजे."

"ही गाडी नको नेऊस."

"दुसरी कुठली हाय? सगळ्या ह्याच हातानं भरल्यात. तुमच्याच."

ती टेबलाकडे वळली. तिची पाठ झाली. चौतीस वर्षांत नेमगोंडांनी कुणाच्या गाडीतून थेंबभर तेल काढलं नव्हतं. आता त्यांनी पाना घेतला, खाली बसले, बोल्ट सैल केला आणि शेजारच्या घडवंचीवरची तेलनमुन्याची बाटली धरली. शंभरच्या रेषेपर्यंत ती भरू दिली, बोल्ट पुन्हा आवळला आणि बाटली घडवंचीवर ठेवून दिली. माप चुकलं नाही. वर यंत्रहाताचा डोळा उघडाच होता, आणि भिंतीवर ओकांनी बसवलेला कॅमेराही.

राजुल सुखरूप गेली आणि आली. बाळंतीण वाचली. कॅमेऱ्यातलं चित्र मात्र संध्याकाळच्या बातम्यांत होतं: 'हस्तगुरूच तेलचोर!' आयुष्यभर ज्या शंभर मिलीचा आळ येऊ नये म्हणून माणसाने लोकांच्या इंजिनांत जास्तीचं तेल ओतलं, तोच आळ त्यांच्यावर आला, आणि तोही पुराव्यासकट. उद्यमनगरात लोक तोंडावर काही म्हणाले नाहीत. गाड्या मात्र दुसरीकडे न्यायला लागले.

"मी सांगतो की सगळ्यांना, माझ्यासाठी केलं म्हणून," राजुल म्हणाली.

"नको. पोरीला वेगळं माप दिलं म्हणतील," नेमगोंडा म्हणाले. "तू एक कर. कधी पडदा लागला तर आत डोकावू नको. पाठ करून हुबी राहा. मग माप बरोबर पडतंय."

खांबेटे मात्र गप्प बसल्या नाहीत. समितीपुढे त्यांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावून दाखवल्या, माणसासमोर हजार आणि माणसामागे नऊशे. नेमगोंडांची नोंद पुन्हा पुन्हा दाखवून, चोरी नव्हती, दुरुस्ती होती, हे ठणकावून सांगितलं. भांडाभांडीत सहा दिवस गेले. या सहा दिवसांत तेलाचे बदल बंद ठेवले होते. शेवटी समितीने आदेश फिरवला. सगळ्या डेपोंत पडदे लागले, चालकांनी बाहेर थांबायचं ठरलं, कॅमेरेही काढले. नेमगोंडांवरचा ठपका 'विचाराधीन' राहिला. सरकारी भाषेत याला न्याय म्हणतात.

पडद्यांच्या पहिल्या सकाळी खांबेटेंनी नेमगोंडांना आग्रहाने कोल्हापूर डेपोत बोलावलं. "तुमचं म्हणणं खरं झालेलं बघायला या," त्या फोनवर म्हणाल्या. ओकही आले होते. फोटो निघणार असेल तिथे ते येत.

राजुल फाटकातच भेटली. हेल्मेट हातात, चेहरा उजळलेला. "आण्णा, नऊ गाड्या झाल्या, माझी शेवटची. बाकीच्या पोरी पडद्याच्या फटीतून बघाय लागल्या हुत्या, मी सगळ्यांना पाठ करून हुबं केलं. म्हटलं, माझ्या आण्णांच्या हातावर विश्वास ठेवा. ऐकलं सगळ्यांनी."

नेमगोंडांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या हातांची लाज वाटली नाही. राजुलने हेल्मेट चढवलं, फोन बंद करून खिशात टाकला आणि आंबेखोल घाटाकडे निघून गेली. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हा सेवेचा नियम होता.

छायाचित्रकार उशिरा आला, त्यामुळे चहा झाला, मग दुसरा चहा झाला. मग तिघं पडद्याआड गेले. यंत्रहात शांत होता. जमीन कोरडी, कुठे थेंब नाही. नऊ कॅन ओळीत उभे, प्रत्येकात शंभर मिली शिल्लक.

"बघा," खांबेटे हसून म्हणाल्या. "प्रत्येक गाडीत बरोबर नऊशे."

नेमगोंडा कॅनकडे पाहत नव्हते. ते घडवंचीकडे पाहत होते. तिथे तेलनमुन्याच्या नऊ बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत शंभरच्या रेषेपर्यंत स्वच्छ, नवं तेल.

"ह्या कुणी भरल्या?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. शेवटची बाटली त्यांनी हातात घेतली. इंजिन दोन मिनिटं चालवल्यावर काढलेलं तेल होतं ते. बाटली अजून किंचित कोमट होती.

खांबेटेंचं हसू मावळलं. "फटीतून दिसणारी चालकाची पाठ..." त्या हळूच म्हणाल्या. "सील झालं आणि चालकाची पाठ वळली, की बोल्ट सैल करायचा आणि शंभर काढायचं. गुरूच्या हातांनी केलेली नवी गोष्ट. एकदा बघितलेली. समितीपुढे मी तीच नोंद पन्नास वेळा दाखवली, नेमाण्णा, आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

"हजारातून काढलेलं मी," नेमगोंडा म्हणाले. "ह्यानं नऊशेतून काढलं."

त्यांनी राजुलला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग बाटली हातात तशीच धरून ते फाटकाकडे धावत सुटले. साठीचा माणूस चपला टाकून डांबरी रस्त्यावर धावला, जणू पाऊण तासापूर्वी गेलेली मोटारसायकल त्याला गाठता येणार होती.

पडद्याआड ओकांनी घडवंचीवरच्या बाटल्या मोजल्या, आणि धावत गेलेल्या माणसाच्या हातातली एक त्यात मिळवली. "नऊ गाड्या, नऊ बाटल्या," ते सुटकेने म्हणाले. "म्हणजे चोरी नाहीच. हिशेब जुळतोय."

खांबेटे त्यांना काही बोलणार, तोच डेपोतला फोन वाजला. आंबेखोल घाटातून होता. सातव्या वळणावर गाडीचं मागचं चाक आवळलं गेलं होतं. रक्ताच्या पिशव्या शाबूत होत्या. चालक मुलगी दरीत गेली होती, आणि तिच्या घरच्यांचा नंबर फोन करणारा विचारत होता.