शंभर दिवसांच्या आत

वासुकी जिना चढून वर आली तेव्हा तिच्या अप्पांच्या खुर्चीत कुणी भलतीच बाई पाय पसरून बसली होती.

मलेशियातल्या इपोहच्या जुन्या बाजारात, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर ते डायलिसिसचं केंद्र होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार अप्पांची दुपारची पाळी, आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांची, हे नर्सपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्या नव्या बाईला मात्र नव्हतं. साठीची, बुटकी, चिनी. केस आखूड कापलेले आणि नजर अशी, की समोरच्यानं आधी माफी मागावी आणि मग बोलावं.

"ही माझी जागा आहे," अप्पा म्हणाले.

"नाव लिहिलंय?" बाईंनी मान वळवून खुर्चीची पाठ पाहिली. "मी तांबुनहून आलेय. आमच्या पपनसांच्या बागेत वारा असतो. मला वाऱ्याशिवाय जमत नाही."

"उभा जन्म मी रेल्वेत सिग्नल दिलेत, बाई. लाल म्हणजे लाल. उठा."

"मग स्टेशनमास्तर, आज तुमची गाडी लेट आहे असं समजा."

वासुकी भांडायच्या तयारीनं पुढे झाली. तेवढ्यात बाईंच्या मागे पांघरुणाची पिशवी छातीशी धरून उभा असलेला तरुण हळूच म्हणाला, "सॉरी. मी हिला उठवू शकत नाही. आमच्या घरात आजवर कुणालाच जमलेलं नाही."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वासुकीला हसू आलं… आणि भांडण राहूनच गेलं.

त्याचं नाव किनहोंग. सिंगापूरच्या गोदीत तो जहाजांचे आराखडे काढायचा. आईचं हे सुरू झालं तसा बिनपगारी रजा टाकून घरी आला, आणि ती रजा लांबत लांबत वर्षावर गेली. सकाळी रस्त्याकडेला पपनसं विकायची, दुपारी आईला इथे आणायचं. वासुकी सकाळी बालवाडीत शिकवायची. दुपारी अप्पांना घेऊन यायची. वर यंत्रं चालू झाली की खाली कॉफीच्या दुकानात पंख्याखाली चार तास बसायचं. आधी वेगवेगळ्या टेबलांवर. मग शेजारच्या. मग एकाच.

एकदा त्यानं कागदी पुडी तिच्यापुढे सरकवली. आत सोललेल्या पपनसाच्या गुलाबी फोडी होत्या.

"आईला मनाई आहे," तो म्हणाला. "तिच्यादेखत खाल्लं तर ती नजरेनंच मारते. म्हणून इथे चोरून."

"आणि मला कशाला चोरीत ओढता?"

"एकट्यानं केली की ती चोरी, टीचर. दोघांनी केली की…"

"की काय?"

"…मैत्री."

इपोहला दुपार कलली की बहुतेक रोज पाऊस येतो. समोरच्या चुनखडीच्या टेकड्या पुसल्यासारख्या होतात, आणि दुकानांच्या कमानींखाली माणसं चप्पल सावरत उभी राहतात. अशाच एका दुपारी तिच्या कोपराला बालवाडीतला निळा रंग लागलेला त्याला दिसला. त्यानं पावसात अंगठा भिजवला आणि तो डाग पुसला. डाग लगेच गेला. अंगठा मात्र तिथून हलायला थोडा वेळ लागला…

"तुम्हाला शुक्रवार आवडत नाही का हो?" तिनं विचारलं. "शुक्रवारी तुमचं तोंड एवढंसं असतं."

"शुक्रवारनंतर दोन दिवस सुट्टी."

"सुट्टी कुणाला आवडत नाही?"

"मला," तो म्हणाला. "हल्ली."

ती पावसाकडे पाहत राहिली. त्यानंतर कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

वरच्या मजल्यावर मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. खिडकीजवळची खुर्ची आता एक दिवस अप्पांना, एक दिवस बाईंना, असा तह झाला होता. अप्पा त्यांना पपनसवाली म्हणायचे. एकदा त्या शेजारच्या खुर्चीतून म्हणाल्या, "स्टेशनमास्तर, तुमची गाडी माझ्या गाडीच्या रुळावर आलीय, पाहिलंत का?"

"पाहिलं," अप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "सिग्नल मीच दिलाय."

"मला विचारल्याशिवाय?"

"तुम्ही माझी खुर्ची घेताना विचारलं होतंत?"

तो बुधवार होता. खाली किनहोंग पपनस सोलत होता, आणि बालवाडीतल्या एका पोरानं गोंद कसा केसाला चोपडला ते वासुकी सांगत होती. तो इतका हसत होता की नर्सची पहिली हाक दोघांनाही ऐकू गेली नाही. दुसऱ्या हाकेला तो धावला. आईचं हृदय यंत्रावर असतानाच बंद पडलं होतं. नर्स तिच्या छातीवर दाब देत होती, पलीकडच्या खुर्चीत अप्पा तोंड भिंतीकडे करून बसले होते, आणि किनहोंग आईचा हात हातात घ्यायला गेला तेव्हा त्याच्या बोटांवरून पपनसाचा रस ओघळत होता. त्यानं हात मागे घेतला. शर्टाला पुसला. तोवर सगळं संपलं होतं.

तांबुनला घरापुढे मांडव घातला होता. अप्पा पांढरा शर्ट घालून, सुजल्या पायांनी दुपारभर तिथे बसले. कुणी पाण्याचा ग्लास दिला तर म्हणाले, "मला पाणी मोजून असतं. आज माझ्या वाटचं तिला ठेवा."

काही दिवसांनी किनहोंग तिला नदीकाठच्या बाकावर भेटला. बाहीला शोकाचा काळा चौकोनी तुकडा टाचलेला होता.

"मोठी मावशी म्हणते, आमच्यात आई गेली की शंभर दिवसांच्या आत लग्न करून टाकायचं. नाही तर तीन वर्षं थांबायचं."

"असं कुणी ठरवलं?"

"जे गेले त्यांनीच ठरवलं असणार. जिवंत माणसं इतकी घाई करत नाहीत. वासुकी… मला घाई आहे."

"विचारतोयस की नियम सांगतोयस?"

"दोन्ही."

"मग नियमाचं मला काही माहीत नाही," ती म्हणाली. "पण विचारण्याला… हो."

गोदीतून परत या म्हणून निरोप येत होते. किनहोंग म्हणाला, "नाही जाणार. इथेच राहीन. अंकलना मी नेत-आणत जाईन." आणि सोमवारी तो खरंच आला. अप्पांचा हात धरून जिन्यापर्यंत पोचला. वरून स्पिरिटचा वास आला, कुठलंसं यंत्र टिटिट वाजलं. त्याचा पाय पायरीवरच राहिला. मग तो वळला आणि गटारापाशी वाकून ओकला.

बुधवारी पुन्हा तेच. शुक्रवारी तो गाडीतून उतरलाच नाही.

"पुढच्या आठवड्यात जमेल," तो म्हणाला. कॉफीच्या दुकानातल्या नळाखाली तो पुन्हा पुन्हा हात धुवायचा, ते ती बघत होती. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलवटली होती.

इथे राहायचं तर आठवड्यातून तीनदा तो जिना त्याच्यापुढे होता, आणि सिंगापूरला अप्पांना नेणंही शक्य नव्हतं. त्यांचा इथला सगळा उपचार रेल्वेच्या पेन्शनीवर चालायचा. सरहद्दीपलीकडे त्यांना कोण विचारणार? मावशी नाही, काका नाही, अप्पांना वासुकीशिवाय कुणी नव्हतं. दोघं रोज तेच बोलायचे आणि रोज तिथेच येऊन थांबायचे.

भिंती पातळ असतात; अप्पांना सगळं ऐकू जात होतं. पुढच्या सोमवारी अप्पा म्हणाले, "आज अंगात कसर आहे, नको जायला." बुधवारी तिला बालवाडीतून यायला उशीर झाला, तर म्हणाले, "शेजारच्याबरोबर जाऊन आलो." शुक्रवारी ती घरी आली तेव्हा ते ओसरीत लुंगीवर बसून होते. पाय खांबासारखे, श्वास वरच्यावर.

"अप्पा, तुम्ही बुधवारी गेलाच नव्हतात."

"नाही."

"का?"

"नर्सला विचारलं मी. डायलिसिस सोडलं की फार दिवस लागत नाहीत म्हणाली. तुमचे शंभर भरायच्या आत होऊन जाईल."

वासुकी उभीच राहिली. तिला आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "आणि माझं सुतक? आपल्यात वर्षभर लग्न करत नाहीत."

"माझं सुतक मी माफ करतो. मला अधिकार आहे."

ते हसले. ती हसली नाही. आतून त्यांच्या चपला आणल्या, जमिनीवर बसली आणि सुजलेल्या पावलांत एकेक चढवायला लागली. चप्पल जात नव्हती.

"लग्न होणार नाही," ती म्हणाली. "चला."

"पोरी, माझ्यासाठी—"

"तुमच्यासाठी नाही. तुम्हाला असं जाऊ देऊन मी मांडवात उभी राहिले, तर त्याच्या तोंडाकडे जन्मभर बघता येणार नाही मला. चला अप्पा."

अप्पांनी तिच्या केसांवर हात ठेवला. मग भिंतीला धरून उठले.

किनहोंगला तिनं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यानं टेबलावरचा कप बाजूला सारला.

"मग तीन वर्षं," तो म्हणाला. "मी थांबेन."

"नको."

"का नको? मी येत जाईन. सणाला, सुट्टीला…"

"तू थांबलास की मी दिवस मोजायला लागेन, किनहोंग. आणि मी कशाचे दिवस मोजतेय ते मला कळतं. तुलाही कळतं."

बाहेर पाऊस नव्हता, नुसतं ऊन होतं, आणि कुणीतरी कमानीखाली सायकलची साखळी बसवत होतं.

"आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो ना," तो एकदम म्हणाला, "तर आधी हलकं वाटलं मला. आज कुठे जायचं नाही, असं. मग आठवलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं."

"मला सांगितलंस."

"हो."

"आता माझं ऐक. माझं तुझ्यावर प्रेम आहे. खूप आहे. हे आधी बोलले नव्हते, म्हणून आज बोलते. नाही तर तिकडे गेल्यावर तुला वाटायचं, की हिला सोडणं सोपं गेलं…" तिनं त्याचे सोलवटलेले हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले.

रविवारी तो सिंगापूरच्या बसमध्ये चढला. ती गेली नव्हती. जाऊ नये असं दोघांनी ठरवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी ती अप्पांना घरी नेत होती. अप्पा दंडावरच्या पट्टीवर बोट दाबून बसले होते.

"गेला?"

"गेला."

गाडी दोन वळणं तशीच पुढे आली.

"वासू, मी जगतोय याचा राग येतो का तुला?"

एरवी ती पटकन नाही म्हणाली असती. "येतो अप्पा. कधी कधी येतो."

अप्पांनी मान डोलावली. "बरं झालं बोललीस. मला वाटायचं, मला एकट्यालाच येतो."

तिनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि इतक्या दिवसांचं एकदम आलं. अप्पा उगी म्हणाले नाहीत. मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवून ते समोर बघत राहिले. रस्त्यावरचे दिवे लागले, फुलवालीनं टोपल्या आवरल्या. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली. घरी गेल्यावर दोन वाट्या तांदूळ धुतले आणि भात टाकला.