गोमाजीचं बोलणं

सांगतो, पण हातातला चहा आधी संपवा. नंतर घशाखाली उतरणार नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुडे पुरवणाऱ्या एका कंपनीत मी होतो. एका दुपारी ठाण्याच्या ऑफिसात साहेबांनी माझ्या हातात एक कागद दिला. आमच्या पाणबुड्या गोमाजीचा मृत्यू हृदयविकाराने झाला, कंपनीबद्दल तक्रार नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं.

"प्रभाकर, त्याच्या बायकोचा अंगठा घेऊन ये. आणि पेटी उघडू देऊ नकोस."

प्रेताची पेटी सकाळीच टेम्पोने कोपरीला, त्याच्या घरी गेली होती.

खरं काय झालं ते मला माहीत होतं. खोल पाण्यात काम करणाऱ्यांना बोटीवरच्या एका लोखंडी टाकीत ठेवतात. आत समुद्राच्या तळाइतकाच दाब असतो. माणूस बाहेर काढायचा तर तो दाब तीन दिवस हळूहळू उतरवायचा. घाई केली तर फोडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखं रक्त फसफसतं. आतल्या हवेत हेलियम असतो, त्याने आवाज बदकासारखा चिरका होतो. बाहेर बसून, कानाला हेडफोन लावून ते बोलणं समजून घ्यायचं, हेच माझं काम.

बोट दुसऱ्या कामावर हवी होती. साहेबांनी वायरलेसवरून सांगितलं, एका दिवसात दाब उतरव. आत एकटा गोमाजी होता. दाब सोडायची झडप मी फिरवली. तो ओरडायला लागला तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला आणि जेवायला गेलो. त्या जेवणाची मला अजून शिसारी येते.

कोपरीत पोचलो तर त्याच्या आईने, जनाबाईंनी, पेटी फोडून घेतलेली.

"न्हाऊ घातल्याबिगर माझा पोर जायचा नाय," त्या म्हणाल्या.

अंगणात पाटावर गोमाजी. सुजून दुप्पट झालेला. जनाबाई पाणी ओतून हात फिरवायच्या आणि कातडीखालून पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. बाजूला सुकत घातलेल्या मासळीचा वास होताच, पण त्याच्यावर एक गोडसर, चिकट वास बसला होता. बायांनी पदर नाकाला लावले. माझ्या तोंडात सारखं पाणी सुटत होतं आणि ते गिळायचीही किळस वाटत होती.

पाठ धुवायला त्याची बायको सगुणा हिने त्याला उठवून धरला. फुगलेलं पोट हळूहळू खाली बसलं. ओठांतून पिवळा फेस आला... आणि त्यातून आवाज. चिरका, बदकासारखा.

सगळे मागे सरकले. "वारा असंल पोटातला," कोणीतरी पुटपुटलं.

सगुणाने त्याला सोडलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, ते बोलायचे, आतलं आमचं बोलनं एका प्रभाकरलाच कलतं... काय बोलले ते?"

मला शब्द न् शब्द कळला होता. 'सगुणा, अंगठा देऊ नको. ह्यानंच मारलं.'

"म्हणाला..." मी कागद आणि शाईची डबी पुढे केली. "म्हणाला, अंगठा दे. भांडू नको."

जनाबाईंकडे नवरा टेकवून तिने हात पदराला पुसला आणि शाईत अंगठा बुडवला. "त्यांचा शबुद मी कदी मोडला नाय," ती म्हणाली, आणि परत त्याच्या तोंडावरचा फेस पुसायला बसली.

गटारापाशी जाऊन मी भडाभडा ओकलो. प्रेताची किळस नव्हती ती, माझीच होती. कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला, बटण लावलं, आणि ऑफिस येईपर्यंत त्याला हात लावला नाही.

साहेबांनी घडी उलगडली. सगुणाचा अंगठा जागच्या जागी होता. त्याच्याखाली, साक्षीदाराच्या रिकाम्या रेघेवर, दुसरा अंगठा उठला होता. मोठा, रुंद, शाईशिवाय, नुसत्या पिवळट ओलीचा. त्याला कातडीचा एक पापुद्रा चिकटलेला.

साहेबांनी नखाने तो पापुद्रा उडवला.

"साक्षीदारही आणलास? शाब्बास," ते म्हणाले, आणि कागद फाइलला लावला.